कारकुनाच्या सहीवाचून उपचार नाही

विषय : गिरगावातील एका नर्सिंग होमच्या कारकुनाच्या कपाळावरील तीन टाके.
संदर्भ : सिस्टर तारकर यांचा अर्ज.

हसू नका, तो कारकून मीच! जन्मभर कागद रंगवलेल्या माणसाला स्वतःची फजितीही अशीच सांगता येते.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आज हरताळ, उद्या मोर्चा; डॉक्टर कुठे अडकतील याचा नेम नाही. म्हणून सिस्टरांनी अर्ज दिला : ‘डॉक्टर नसताना पेशंटबाबतचा निर्णय माझ्याकडे असावा.’

आता सांगा, नाडी कळणाऱ्या बाईकडे अधिकार गेला, तर आमच्यासारख्या विद्वानांनी काय करायचं? मी अर्ज खणात टाकला आणि नोटीस काढली : ‘डॉक्टरांच्या गैरहजेरीत कारकुनाच्या सहीवाचून कोणताही उपचार करू नये.’ डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली. माझ्या मसुद्यांची कीर्तीच तशी!

दुसऱ्याच दिवशी ट्रामा बंद. डॉक्टर परळला अडकले. मुहूर्त साधून मी स्टुलावर चढलो आणि नोटीस भिंतीला ठोकू लागलो.

स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्याबद्दलचा अर्जही माझ्याच खणात होता.

डोळे उघडले तेव्हा कपाळातून रक्ताची धार, उजवं मनगट दुधीभोपळ्याएवढं, आणि समोर सुईदोऱ्याचा ट्रे घेतलेल्या सिस्टर.

“टाके घाला हो लवकर!”

त्यांनी जमिनीवरची नोटीस उचलून सावकाश वाचली. “सही?”

“अहो, मी मरतोय!”

“मरा की, पण लेखी द्या. मी कोण ठरवणार? साधी नर्स.”

“हात मोडलाय माझा!”

“मोडला की मुरगळला, तेही तुमच्या सहीशिवाय कसं बघू?” मग आयेला फर्मावलं, “सखू, शाईचं पॅड आण गो!”

आठ खाटांवरून आठ माना उंचावल्या, आणि लायब्ररीतली कपाटंच्या कपाटं वाचून काढलेल्या मी परवानगीच्या कोऱ्या कागदावर डावा अंगठा उमटवला! खाली सिस्टरांनी लिहिलं : ‘निशाणी डाव्या अंगठ्याची. आपण साक्षर आहोत, असे सहीकर्ता सांगतो.’

मग टाके घालता घालताच त्यांनी तीन नंबरला उठवून बसवलं, पाच नंबरचं पाणी बंद केलं, सखूला बर्फाला पिटाळलं. सगळा वॉर्ड हलला. सही कुणी मागितली नाही.

संध्याकाळी डॉक्टर चालत आले. नोटीस त्यांनी प्रथमच वाचली आणि फाडली. सिस्टरांचा अर्ज उभ्याउभ्या मंजूर. यापुढे सगळे कागद सिस्टरांमार्फत.

तो अंगठ्याचा कागद फाइलमधून काढावा, असा अर्ज मी रीतसर सिस्टरांमार्फत दिला. पुढे मी निवृत्त झालो, त्याही झाल्या.

अर्ज विचाराधीन आहे.