फुलीचं खोकं

आमच्या घरात एकाही पातेल्याला झाकण नाही. दुधावर मी ताटली पालथी घालते, हरीऱ्याचं सूप उकळत असलं तर त्यावर परात ठेवते, आणि एखादी पाहुणी स्वयंपाकघरात डोकावली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. झाकणं हरवलेली नाहीत. ती ओरान शहरभर दुसऱ्यांच्या पातेल्यांवर आहेत. माझ्या नवऱ्यानं, बेनाउदानं, ती एकेक करून वाटून टाकली.

तो वीज कंपनीत मीटर वाचायचा. जुन्या इमारतींतून मीटर घराच्या आत असतात, कुठे चुलीच्या वर, कुठे झोपायच्या खोलीच्या दाराशी. त्यामुळे शहरातल्या कुठल्याही घरात शिरायची त्याला मुभा होती. एका डोळ्यानं आकडे बघायचे आणि दुसऱ्यानं घर. एखाद्या घरी पाण्याच्या माठावर गाण्याची तबकडी झाकण म्हणून ठेवलेली असायची, एखाद्या घरी कुंडीखाली. गच्चीवर वाळत घातलेल्या कुसकुसाच्या दाण्यांवर चिमण्या बसू नयेत म्हणून दोरीला टांगलेली तर कितीदा. ग्रामोफोन मोडले, कॅसेट आल्या, त्याही गेल्या, आणि तबकड्या अशा घरकामाला लागल्या होत्या. घरातल्या बाईला आदरानं लल्ला म्हणत हा पिशवीतून स्टीलचं झाकण काढायचा.

"लल्ला, हे घे. हे धुता येतं. ती काळी मला दे."

"डोकं फिरलंय का रे तुझं? भोक आहे तिला मधोमध."

"म्हणून तर म्हणतोय. सगळी वाफ निघून जाते तुझी."

बायका हसायच्या आणि देऊन टाकायच्या. कामावर असताना कुणाला पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत, हा त्याचा बाणा. झाकणं मात्र माझी.

खोटं कशाला बोलू, घरी आल्यावरचा सोहळा मलाही आवडायचा. हिरव्या साबणाच्या कोमट पाण्यात तबकडी बुडवायची, मुलांच्या जुन्या लंगोटाच्या फडक्यानं गोल गोल पुसायची, ताटांच्या जाळीत उभी करायची. तेलाचा, पिठाचा थर निघाला की खाली मधला कागद दिसायचा, लाल किंवा मोरपंखी, आणि त्यावर कुठल्यातरी बंद पडलेल्या कंपनीचा उंट नाहीतर सिंह. वेष्टनं तर काय एकेक. समुद्रकाठी उसन्या मोटारीला टेकून उभी असलेली, घेरदार पायघोळ विजारी घातलेली आमच्याच गल्लीतली पोरं, हातात गिटार, आणि चेहरा असा की जणू लंडनहून आत्ताच उतरलीत. घरातसुद्धा काळा चष्मा न काढणारा गवई. हिंदी सिनेमाच्या गाण्यांची तर वेगळी फळी होती, काजळ भरलेल्या डोळ्यांच्या नट्यांची. बंद पडलेल्या थिएटरांतून आणलेली घोडेस्वारांच्या सिनेमांची पोस्टरं आमच्या न्हाणीघराच्या दाराला आतून चिकटवली होती, त्यामुळे आमच्याकडे कुणी आत गेलं की लवकर बाहेर येत नसे. फोटोंतून गोष्ट सांगणारी जुनी मासिकंही त्यानं ढिगानं आणली. ती मी सगळी वाचली आहेत, काही दोनदा.

पण हा माणूस गाणं ऐकत नसे. सुई टेकवायची, कान टवकारायचे, चार ओळी झाल्या की सुई उचलायची. तबकडी उलटायची, पुन्हा तेच. मग वेष्टनावर पेन्सिलीनं एक ठसठशीत फुली मारायची आणि दुसरी लावायची. पायाला भिंगरी आणि हाताला खाज. पोरांच्या गिटारवाल्या तबकड्या तरी तो खोलीत येरझाऱ्या घालत निम्म्यापर्यंत ऐके. शेखांच्या तबकड्यांना तेवढंही नशीब नव्हतं. शेखा म्हणजे लग्नात बायकांच्या घोळक्यात बसून डफावर गाणाऱ्या, जाड्याभरड्या आवाजाच्या बाया. त्यांची एकही तबकडी त्यानं सोडली नाही, आणि एकही ऐकली नाही.

कारण मला लग्नाआधीच कळलं होतं. त्याची आई रहमूना शेखा होती. हा नीट बोलायलाही लागला नव्हता तेव्हा ती तापानं गेली. तिनं एकदाच, मदिना जदीदा बाजारातल्या एका दुकानामागच्या गोदामात, एक तबकडी भरली होती. खरं नाव घालणं शक्यच नव्हतं, घरच्यांनी कापून काढली असती. दुकानदारानं मनाला येईल ते नाव छापलं आणि वेष्टनावर कुठल्यातरी परदेशी कॅलेंडरातली बाई चिकटवली. तरी तिच्या दिराला सुगावा लागलाच. घरात होत्या तेवढ्या प्रती त्यानं अंगणात आपटून फोडल्या. आजीनं पोराला वाढवलं, पण आईचं नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

आमच्या साखरपुड्याला बासरी वाजवायला शेख लखदर नावाचा म्हातारा आला होता. जेवताना त्यानं बेनाउदाला जवळ ओढलं.

"रहमूनाचा ना तू? त्या तबकडीवर बासरी माझी आहे. तुझ्या नावानं हाक घातली होती तिनं."

"कुठल्या नावानं छापली? गाणं कुठलं?"

"बाळा, त्या महिन्यात रोज वाजवत होतो. गाणं कोण लक्षात ठेवतो? तुझं नाव राहिलं, कारण ते ऐकून मालक वैतागला होता."

आमच्याकडे गाण्यात नावं घ्यायची रीत आहे. हे गाणं अमक्यासाठी, हे तमक्याच्या लेकासाठी, असं गाणारी मध्येच पुकारते. लग्नात हे पुकारे सुरुवातीलाच होतात, बासरी अजून सूर शोधत असते तेव्हाच, कारण ज्याचं नाव घेतलं तो लगेच खिशात हात घालतो. हे ओरानच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून बेनाउदा दोन्ही बाजूंची सुरुवात तेवढी ऐके. त्याचं नाव आलं नाही की फुली. आईचा आवाज त्याला आठवत नव्हता, चेहरा आठवत नव्हता, फोटो घरात नव्हता. त्याच्याजवळ धागा म्हणून होतं ते फक्त स्वतःचं नाव.

सगळा जन्म तो हे करत राहिला. मी रागावले, रडले, माहेरी जाऊन बसले. दोन मुलींची लग्नं लावली तेव्हाही वरातीत हा शेजारच्या घरात शिरून कुंडी उचलून बघत होता. फुलीच्या तबकड्या एका खोक्यात जात, आणि ते खोकं पलंगाखाली.

मग तो निवृत्त झाला आणि माझे खरे हाल सुरू झाले. गणवेश गेला तशी दारंही गेली. मीटर वाचायला नवा पोरगा येऊ लागला, आणि 'जरा आत येऊ का' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला कोण घरात घेतं? हा दिवसभर जिना चढे, उतरे, गच्चीत जाई, परत येई, कॉफी मागे आणि अर्धी टाकून उठे. एकदा जेवताना म्हणाला, "संपलं बहुतेक, यामिना. असेल कुठेतरी एखाद्या माठावर. जाईल माठाबरोबर." मला वाटलं होतं, हे ऐकलं की मी सुटकेचा श्वास टाकेन. मी ताटच बाजूला सारलं.

त्याच आठवड्यात अल्जियर्सच्या एका तरुणाचा फोन आला. तो जुनी गाणी नव्यानं छापतो म्हणे, तिकडे युरोपात पोरं वेड्यासारखी घेतात. शेखांच्या तबकड्या मिळतील का? बेनाउदानं पलंगाकडे बोट केलं. "फुलीचं खोकं ने सगळं. माझ्या काय कामाचं आहे?" पोरगा शुक्रवारी येतो म्हणाला.

परक्या माणसाला धुळकट वस्तू द्यायच्या हे मला पटत नाही. गुरुवारी हा बाहेर पडल्यावर मी खोकं ओढलं आणि एकेक पुसायला घेतली. पुसलेली लावून द्यायची आणि दुसरी पुसायची. मला घाई नव्हती. बायांचे ते दणकट आवाज घरात भरून राहिले, आणि मनात म्हटलं, किती वर्षं या आमच्या पाठीखाली मुक्यानं पडून होत्या. अगदी तळाशी, म्हणजे आमच्या लग्नाच्या सुमाराच्या थरात, एक होती. 'शेखा बहरिया' असं नाव, वर स्कूटरला टेकलेली सोनेरी केसांची परदेशी मुलगी आणि त्या मुलीच्या कपाळापासून गुडघ्यापर्यंत फुली. पहिली बाजू संपली. दुसरी लावून मी फडकं पिळायला गेले. गाणं संपलं, डफ थांबला, बासरीचा एक सूर तेवढा लोंबकळत राहिला. आणि ती बाई, गाता गाता दमलेल्या आवाजात, बोलली.

"हे माझ्या बेनाउदासाठी. रहमूनाच्या बेनाउदासाठी. निजवून आलेय त्याला. उठला असेल आता."

मी तशीच ओलं फडकं घेऊन खाली बसले. रडले, आणि मग मला इतका राग आला की काय सांगू. नवऱ्याचा राग, त्या गोदामवाल्याचा राग, आणि माझाही, कारण सासूची हाक लेकाच्या आधी मी ऐकली होती. ती त्याची होती. त्याहून वाईट म्हणजे ती फुली. पंचविशीच्या आतल्या माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं आईवर फुली मारून तिला पलंगाखाली सारलं होतं आणि मग उभं शहर पालथं घातलं होतं. हे कळल्यावर त्याचं काय होईल? त्याच्या छातीचं दुखणं मी जाणते. पण सांगायचं नाही, तर उद्या तो पोरगा खोकं उचलून नेणार.

मी खोडरबर घेतला. नातीचा होता. हळूहळू, कागद फाटू न देता, ती फुली पुसली. स्कूटरवालीचा चेहरा जरा फिकट झाला, बाकी ठीक.

आता प्रश्न उरला तो या माणसाला शेवटपर्यंत ऐकवायचं कसं. सुरुवात ऐकून तो सुई उचलणार, हे ठरलेलं. मी सांगितलं असतं की थांब, शेवटी तुझं नाव आहे, तर ते मीच सांगितल्यासारखं झालं असतं. शुक्रवारी सकाळी मी परातीत आमच्याकडच्या रव्याच्या भाकरीसाठी रवा घेतला, पाणी घातलं, आणि मनगट धरून बसले.

"हात धरलाय माझा. जरा मळून दे."

"मी?"

"नाहीतर शेजाऱ्याला बोलवू?"

तो कुरकुरत बसला. कोपरापर्यंत बाह्या सारल्या, दोन्ही हात रव्यात घातले. ते चांगले चिकट झाले तशी मी उठून तबकडी लावली.

"ही कुठली?" त्यानं मान वर केली. चार ओळी झाल्या. "नाही. काढ ती."

"मळ तू. मऊ झालं नाही अजून."

"अगं, सुरुवातीला नाव नाही. काढ."

"मला आवडतंय. कधीतरी मला आवडतं ते लाव की या घरात."

त्यानं हात वर उचलले, रव्याकडे बघितलं, पुन्हा खाली घातले. दुसरी बाजू लावली तेव्हा तो गुडघा हलवत होता, उठू की नको असं त्याचं चाललं होतं. मी दारात उभी राहिले, म्हणजे उठला तर आडवं व्हायला. गाणं लांबत गेलं. डफ थांबला. तो म्हणाला, "झालं ना समाधान?" आणि त्याच्या बोलण्यावरच तिचा आवाज आला. निजवून आलेय त्याला. उठला असेल आता.

त्याचे हात रव्यात तसेच राहिले. गुडघा हलायचा थांबला. इतक्या वर्षांत मी या माणसाला असा स्थिर कधी पाहिला नव्हता, झोपेतसुद्धा नाही. तबकडी नुसतीच खरखरत फिरत होती.

"परत लाव," तो म्हणाला.

"शेवट?"

"नाही. पहिल्या बाजूपासून."

मी लावली. त्यानं सगळं ऐकलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते, ते हनुवटीवरून परातीत पडलं. मी पुसायला गेले तर त्यानं मान बाजूला केली. हाक पुन्हा आली तेव्हा त्यानं हळूच "हो" म्हटलं.

मग त्यानं विचारलं, "कुठे मिळाली?"

मी तयारच होते. "एकमूल मोहल्ल्यात ती मबरूका राहते ना, तिच्या सुनेनं आणून दिली. काल. माठावर होती म्हणे."

तो उठला. हात धुतले नाहीत, विजारीलाच पुसले. वेष्टन उचललं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. पेन्सिल तो नेहमीच दाबून चालवायचा. शिसं गेलं होतं, पण कागदात चर राहिला होता. त्यावरून त्यानं अंगठा फिरवला, कपाळापासून गुडघ्यापर्यंत, मग दुसऱ्या बाजूनं. मी चुलीकडे तोंड केलं.

"अल्जियर्सच्या पोराला फोन कर," तो म्हणाला. "खोकं देत नाही म्हणावं."

"का?"

"घाईघाईत ऐकल्यात मी सगळ्या."

त्यानं वेष्टन छातीशी धरलं आणि माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"आणि त्या बाईला सांग, मबरूकाच्या सुनेला. म्हणावं, फार वर्षं सांभाळलंस."

"सांगते," मी म्हटलं.