तिसऱ्या फेरीचा बदल

“ते आडनाव काढ बे तिथून. लई डोळ्यात भरायलंय.”

अध्यक्षांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. त्यांच्या संस्थेच्या वसतिगृहाच्या वेबसाइटचं ‘भोजनगृह’ हे पान मी दाखवत होतो. पानावर माझ्या चुलतीचा फोटो होता, भाकरी थापताना. खाली पूर्ण नाव. तिथल्या सगळ्या पोरांच्या भाकरी तीच करते. तिचं आडनाव तेच माझं.

“अक्षर बारीक करू का, आबा?”

“बारीक न्हाई, काढ. बाहेरगावचे पालक बघत्यात.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तुला राग न्हाई ना आला? तू तुमच्यातला वाटतच न्हाईस.”

शेजारी बसलेले दोन संचालक हसले. मीही हसलो. हे मुद्दाम लिहितोय. मी हसलो.

अंबाजोगाईत माझं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस आहे. नियम साधे. पानं किती ते आधी ठरवायचं. बदलाच्या तीनच फेऱ्या. आणि प्रत्येक बदल लेखी, तोंडी काही धरायचं नाही. कापडवाल्याला, डॉक्टरला, क्लासवाल्या सरांना मी हे ठणकावून सांगतो. अध्यक्षांना सांगितलं नाही. त्यांच्यापुढं तोंडातून आपोआप “जी आबा” निघालं. त्यांनी तोंडी सांगितलं, मी आडनाव पुसलं. पहिली फेरी.

दुसऱ्या फेरीला फोन आला. “नुसतं आडनाव काढून भागंना. वळखणारे वळखत्यात. फोटोच काढ.”

काढला.

त्या फोटोसाठी चुलतीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. अख्ख्या वस्तीत सांगितलं होतं. भेटली की विचारायची, “कवा दिसंल रे माझा फोटू?”

“काम चालू हाय, काकू.”

आणि मी कोण? दर चौदा एप्रिलच्या जयंतीला पत्रक लिहिणारा. ‘अन्याय सोसू नका’ हे ठळक ठशात छापून चौकात वाटणारा. ती पत्रकं माझ्याच टेबलाच्या खणात होती. वर मी चुलतीला पुसत होतो.

तिसऱ्या फेरीला अध्यक्ष स्वतः ऑफिसात आले. मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यांची सून, दागिने घालून, वसतिगृहाच्या चुलीपाशी, हातात उलथनं.

“हा लाव तिथं. खाली लिही, आमच्या पोरांची अन्नदाती.”

“वहिनी भाकरी करतात तिथं?”

“फोटोपुरत्या.”

भाकरी चुलतीच्या. तोंड सुनेचं. मी कोरा कागद पुढं सरकवला.

“आबा, लेखी द्या. कुणाला काढायचं, कुणाला लावायचं. आणि कावून, कशापायी.”

“कावून ते तुला ठाऊक न्हाई व्हय?”

“ठाऊक हाय. तुमच्या सहीनं पाहिजे.”

त्यांनी कागदाकडं पाहिलं. “तुझ्या बापानं कवा कागद मागितला न्हाई आमाला.”

“न्हाई मागितला. मी मागायलोय.”

ते उठले. कागद कोराच राहिला. असले हुकूम हे लोक कधी लिहून देत नाहीत. ते बोलतात, आणि हात आपले चालतात. दोन दिवसांत काम माझ्या हातून गेलं.

मला वाटलं, मी जिंकलो. छाती काढून चुलतीकडं गेलो. सगळं सांगितलं, कागदाचं जरा रंगवूनच.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माजं आडनाव कुणी पुसलं?”

“अध्यक्ष म्हणाले म्हणून...”

“म्हणलं कुणी ते न्हाई इचारलं. पुसलं कुणी?”

“मी.”

“आन् फोटू?”

“मीच.”

ती उठून आत गेली. मी दारात उभा राहिलो. तिनं बस म्हटलं नाही.

परत येताना एक प्रश्न डोक्यातून जाईना. त्यांनी खरंच सही केली असती तर? नियमाप्रमाणं बदल लेखी आला असता. मी लावला असता का तो फोटो? कागदामागं मीही लपलोच होतो.

आता उत्तर आहे. माणूस पुसायचा हुकूम तोंडी आला तरी नाही. सही-शिक्क्यानिशी आला तरी नाही. चुलतीकडं मी माफी मागणार नाही, माफ करणं हे आणखी एक काम तिच्या अंगावर टाकणार नाही. आणि ‘गिऱ्हाइकानं सांगितलं’ हे वाक्य पुन्हा उच्चारणार नाही. पुसणारा हात माझा होता. यापुढं तो कुणाच्याही सांगण्यावरून कुणाचंही नाव पुसणार नाही.