मामंजींची अर्धी घटका

आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आयुष्यात एकच लबाडी केली. ती माझ्यासमोर केली, म्हणून सांगते.

नाव सोमिल. नालंदेच्या महाविहारात वेळ राखायचं काम त्यांचं. पाण्याच्या घंगाळात तळाला भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की घटका झाली, नगारा वाजवायचा. काम एवढंच, पण ऐट अशी की सूर्य जणू यांना विचारून उगवतो! कुठल्याशा राजाने विहाराला गावं दिली, गाई दिल्या आणि त्याच ताम्रपटात आमचे पूर्वजही देऊन टाकले. "गाईंच्या आधी नाव आहे आपलं," मामंजी सांगायचे.

"हो, पण दूध त्या देतात," सासूबाई म्हणायच्या.

त्यांच्या तरुणपणी विहार नुसता गजबजलेला. देशोदेशीचे भिक्षू, जेवणाच्या वेळी चुलींची रांग. मी लग्न होऊन आले तोवर राजेही थकले होते, दानही आटलं होतं. मग एका उन्हाळ्यात घोडेस्वार आले आणि ग्रंथ जळाले. त्या दिवसांबद्दल मला अजून बोलवत नाही. जे भिक्षू वाचले ते नेपाळकडे गेले. मागे राहिले ऐंशीच्या घरातले भदंत रत्नगुप्त आणि त्यांचे सात शिष्य. छप्पर गेलेल्या दालनात त्यांचा पाठ चालायचा, आणि बाहेर मामंजींचा नगारा.

"सात जणांसाठी नगारा कशाला, मामंजी? हाक मारा की!"

"हाक जेवायला मारतात, सूनबाई. पाठ नगाऱ्यावरच सुटतो." नियमच तसा होता. नगारा वाजेपर्यंत गुरूंनी उठायचं नाही, आणि गुरू उठल्याशिवाय शिष्यांनी.

एके सकाळी मी तळ्यावर होते. गुराखीण ओरडत आली, "घोडेस्वार! आमराईपाशी पोचले!" मी भांडी टाकून दालनाकडे धावले. "चला, उठा, ते आलेत!"

शिष्यांचे चेहरे पांढरे पडले. भदंतांनी मात्र ताडपत्रावरून मानही वर केली नाही. "घटका भरली का?"

"अहो, कसली घटका! उचला रे यांना!"

"गुरूंना पाठातून उचलायचं? ते आमच्याने होणार नाही, ताई," थोरला शिष्य रडवेला होऊन म्हणाला.

मी तशीच मामंजींकडे गेले. वाटी अर्धीच भरली होती.

"मामंजी, वाजवा."

"अजून अर्धी..."

"वाजवा म्हणते ना! म्हातारा मरेल तिथे, आणि सातही जण!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग अंगठ्याने दाबून वाटी बुडवली आणि नगारा वाजवला. आत भदंतांनी पानं शांतपणे बांधली आणि उठले. मग मात्र शिष्यांनी त्यांना पाठीवर घेतलं आणि सगळे उसात शिरलो. घोडेस्वारांना रिकामं दालन सापडलं. जाताना ते घंगाळ आणि वाटी तेवढी घेऊन गेले.

जीव वाचले, पण मामंजींनी अन्न टाकलं. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटं वाजवलं. तेही भदंतांना." मी समजावलं, सासूबाईंनी शिव्या घातल्या. माणूस ढिम्म.

आठव्या दिवशी भात चुलीवर होता आणि भदंत काठी टेकत आमच्या अंगणात आले. मागे शिष्य. मामंजींनी पायच धरले. "भंते, त्या दिवशी मी..."

"ठाऊक आहे. साठ वर्षं पाठ देतोय, सोमिला. अर्धी घटका कळत नाही होय मला?"

"मग उठलात कसे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नगारा वाजला ना, बाई!" भदंत खुदकन हसले आणि सारवलेल्या जमिनीवर बसले. पानं सोडली. "अर्धी घटका राहिली आहे. बसा सगळे. सोमिला, वेळ राख."

"वाटी नेली त्यांनी, भंते."

"वाटी नेली. तू आहेस ना?"

मामंजींनी डोळे पुसले, मिटले आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागले. चुलीवर भात करपल्याचा वास आला. मी उठले नाही.