दोनदा झाडलेली गल्ली

“वत ती गाडी. हितंच वत सगळी.”

मुकादम आईला म्हणाला. सकाळचे आठ वाजले होते. तालमीमागच्या गल्लीत आम्ही कॉलेजची पोरंपोरी नवेकोरे खराटे घेऊन रांगेत उभे होतो. आणि झाडायला गल्लीत काहीच नव्हतं.

आई कचऱ्याची ढकलगाडी घेऊन कोंडाळ्याकडं निघाली होती. ती थांबली. म्हणाली, “आत्ताच भरलीया की, सायेब.”

“भरलीया म्हणूनच सांगतोय. पावणं येतील आता. त्यास्नी काय रिकामा रस्ता झाडाय लावू?”

आईनं गाडी उलटी केली. राख, उसाची चिपाडं, रात्रीच्या मटणाची हाडं, लहान पोरांची घाण. सगळं एका ठिकाणी पडलं. मुकादम म्हणाला, “ढीग नको. पसर.” मग आईनं खराट्यानं तो कचरा पसरायला सुरुवात केली. प्रत्येक दारासमोर थोडा थोडा. लग्नाच्या पंगतीत वाढावं तसा. कुणीतरी हसलं. बाकीचे नाक दाबून उभे होते.

पसरत पसरत ती माझ्यापाशी आली. मान वर केली नाही. म्हणाली, “बाईसाब, जरा मागं सरा. साडीला लागंल.”

मी मागं सरले.

ती पांढरी साडी आदल्या दिवशी तिनंच खळ घालून वाळवली होती.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या चाळीतून कॉलेजात गेलेली पहिलीच पोरगी. म्युन्सिपालटीची चाळ, सगळी घरं झाडूवाल्यांची. कॉलेजात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. वडील वारले, आई घरीच असते, एवढंच सांगितलं होतं. आणि घरी आईला बजावलं होतं, “रस्त्यात दिसले तरी हाक मारू नको. ओळख दाखवू नको.”  आई तेव्हा माझ्या पोळीला तेल लावत राहिली होती. त्या सकाळी तिनं माझं ऐकलं, दुसरं काही नाही.

श्रमदानाची कल्पना आमच्या कॉलेजच्या सरांची. पण धावपळ सगळी माझी. आठ दिवस मी त्या गल्लीत दारोदार फिरले. रविवारी दारं उघडी ठेवा, बायकांनीही खाली या, असं सांगत. तालमीचे अध्यक्ष आण्णा त्याच गल्लीत राहायचे. तीन मजली घर, दारात जीप. त्यांनी मला आत बसवलं, कपबशीतून चहा दिला. माझं बोलणं शुद्ध, साडी स्वच्छ. त्यांनी जात विचारली नाही, मी सांगितली नाही. त्याच उंबऱ्याच्या बाहेर आई बारा वर्षं उन्हातान्हात ओंजळ पुढं करून उभी राहायची. प्यायचं पाणी तिच्या ओंजळीत वरूनच पडायचं. हे मला माहीत होतं. चहा गोड लागला होता, हेही खोटं सांगणार नाही.

घरी येऊन मी आईला म्हटलं, “रविवारी तुझ्या गल्लीत माझा कार्यक्रम हाय. मोठे पाहुणे येणार हाईत.”

घोटाळा झाला तो इथं. पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस आधी झाडून काढतो. तिला एवढंच ठाऊक होतं. कचरा काढायचा कार्यक्रम असेल तर आधी कचरा लागतो, हे तिच्या डोक्यात कसं यावं? मी तिला समजावून सांगितलं नाही. ती रविवारी नेहमीपेक्षा तासभर लवकर गेली. गटारीच्या कडासुद्धा खरवडून काढल्या. लेकीच्या कार्यक्रमात काही कमी पडू नये म्हणून.

पाहुणे आले. हार झाले. पाहुण्यांनी खराटा दोनदा हलवला, फोटोवाल्यानं तिसऱ्यांदा हलवायला सांगितलं. फोटोत मी पुढं आहे, टोपली धरून. मग आण्णा तालमीच्या कट्ट्यावर चढून बोलले, “कुठलंबी काम हलकं नसतं, हे आमच्या पोरांनी आज दाखवून दिलं.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आभार मला मानायचे होते. सरांनी नावांचा कागद लिहून दिला होता. पाहुणे, आण्णा, तालमीची पोरं, चहा देणारं हॉटेल, फोटोवाला. मी वाचत गेले. गल्लीच्या तोंडाशी आई रिकाम्या गाडीपाशी उभी होती. आम्ही निघून गेलो की तिला ती पुन्हा भरायची होती. आम्ही झाडलं होतं ते फोटोपुरतं. बाकीचं सगळं तसंच पडलं होतं.

कागद संपला. तिचं नाव त्यात नव्हतं. 

सर हळूच म्हणाले, “झालं ना? खाली ये.”

मी खाली उतरले नाही. म्हणाले, “ही गल्ली आम्ही यायच्या आधीच स्वच्छ होती. ती झाडली होती त्या बाईंनी.”

आणि थांबले. लाज वाटली. आईची नाही, माझ्याच तोंडातल्या शब्दाची.

“माझ्या आईनं,” मी म्हणाले. “भरलेली गाडी तिला परत ओतायला लावली. तुम्हाला फोटो पाहिजे होता म्हणून.”

 आण्णांनी मला खालून वर न्याहाळलं. आवाज न चढवता म्हणाले, “त्यातली हाईस व्हय तू? आन् आमच्या कपातनं च्या पिऊन गेलीस.”

मी हातातला कागद कट्ट्यावर ठेवला, खाली उतरले आणि आईकडं गेले. 

“बाईसाब, जावा तुमी,” ती पुटपुटली. “माझी नोकरी जाईल.”

मी गाडीचा एक दांडा धरला. म्हटलं, “आई, चल.” तिनं दुसरा धरला. रिकामी गाडी घेऊन आम्ही निघालो. मुकादम मागून ओरडत राहिला. कचरा दारादारांसमोर तसाच होता.

नोकरी गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून आईला खाटकांच्या गटारीवर टाकलं. नोकरीतून निवृत्त होईपर्यंत ती तिथंच होती. तिच्या हातांचा वास मरेपर्यंत गेला नाही. त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली, अंथरुणाला खिळल्यावर.

“बोललीस ते बरं केलंस. पर मी पसरत हुते तवाच बोलाय पायजे हुतंस.”

  सकाळी कुठल्याही रस्त्यावर खराट्याचा आवाज आला की मी थांबते. झाडतायत की पसरतायत, हे बघितल्याशिवाय माझं पाऊल पुढं पडत नाही.

शिकून माझं नाव झालं, म्हणून आता मला स्वच्छतेच्या कार्यक्रमांना पाहुणी म्हणून बोलावतात. हार आणतात, नवा खराटा पुढं करतात. मी हात पुढं करत नाही. आधी विचारते, “हा रस्ता रोज कोण झाडतं? त्यांना बोलवा. आज सकाळी त्यांच्याकडून काय करून घेतलंत, ते त्यांच्या तोंडून ऐकू द्या.” लोक चुळबुळतात. काही जण मला पुन्हा बोलवत नाहीत. नका बोलवू. आई पसरत होती तेव्हा मी गप्प उभी होते. आता कुणी पसरत असेल, तर मी मागं सरणार नाही.