पारिजातकाचा चौथा कोपरा

पालीच्या पुढे, आत डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली तेजस्वी बाष्टे बारावीला शाळेत पहिली आली, तेव्हा वाडीने तिला नारळ दिला, शाल दिली आणि ही पोर आता शास्त्रज्ञ होणार असं परस्पर ठरवूनही टाकलं. तेजस्वीलाही ते पटलं. पटायला काय जातं? तोवर तिने ब्लेड हातात धरलं होतं ते फक्त पेन्सिलीला टोक काढायला.

रत्नागिरीच्या कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्र घेतलं आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला तिची शास्त्रज्ञगिरी टेबलावर आडवी झाली. काम ऐकायला सोपं होतं. झाडाची कोवळी काडी बोटांत उभी धरायची आणि ओल्या ब्लेडने तिचे आडवे काप काढायचे, इतके पातळ की पाण्यात टाकल्यावर शोधावे लागावेत. त्याला सेक्शन म्हणतात. मग त्यातला सगळ्यात पातळ काप ब्रशने उचलायचा, रंगवायचा, काचपट्टीवर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा आणि वरून पातळ काच अशी अलगद टेकवायची की आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. झाली स्लाइड. तेजस्वीचे काप पडले ते भजीला शोभतील असे. मायक्रोस्कोपखाली नुसता काळोख, आणि काळोखाच्या कडेला तीन टपोरे बुडबुडे.

तिच्या शेजारी उभी होती समुद्रकाठच्या भाट्याची समीक्षा भाटकर. वडील जहाजावर खलाशी, पोरगी हसरी, आणि अभ्यासात अशी की पेपरात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांना अन्न खाली नेणाऱ्या नळ्यांचं नाव देऊन मोकळी व्हायची. पण त्या दिवशी तिने काडी धरली, सपसप पातं फिरवलं, आणि शितप सरांनी सगळ्या वर्गाला रांगेत उभं करून तिची स्लाइड दाखवली. रांगेत तेजस्वीही होती. तिने भिंगाला डोळा लावला. काडीच्या आतला एकेक कप्पा मोजून घ्यावा इतका स्पष्ट दिसत होता. तिच्या पोटात त्या क्षणी जे पेटलं ते तीन वर्षं विझलं नाही. सरळ सांगायचं तर तिला समीक्षाचा हेवा वाटला, आणि तोही सवडीने वाटणारा नव्हे, जेवताखाता वाटणारा.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं तिने आधी टेबलाला दोष दिला. समीक्षाची जागा खिडकीजवळ, तिला उजेड मिळतो. तेजस्वीने काहीतरी कारण सांगून जागा बदलून घेतली. समीक्षाने अंधाऱ्या कोपऱ्यातूनही तसलाच काप काढला. मग ब्लेडचा दोष निघाला. तेजस्वीने तीच कंपनी आणली, तरी भजी ती भजीच. शेवटी तिने शोध लावला की समुद्रावरच्या लोकांच्या घरी रोज मासळी कापतात, म्हणून समीक्षाचा हात बसलेला आहे; आमच्याकडे भात नि नाचणी, तिथे काय कापणार? हा शोध तिने एकदा डबा खाताना बोलूनही दाखवला. समीक्षा हसत सुटली. तिची आई तिला विळीला हात लावू देत नसे, कारण लहानपणी तिने तळहात चिरून घेतला होता. झालं, हाही आधार गेला.

मग मात्र तेजस्वीने घर गाठलं की कापायला बसायचं, असा नेम धरला. अळूचे देठ, जास्वंदीच्या काड्या, भेंडीचे देठ, परड्यात जे उगवेल ते. तिची आई मालन बिचारी आधी कौतुकाने बघायची, पण एके दिवशी फतफतं करायला अळू आणायला गेली तर परड्यात नुसती पानं लोळत पडलेली. "बाय माझे," ती म्हणाली, "विद्या शीक, पन कालवणापुरतं ठेव कायतरी." तेजस्वी हसली नाही. त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर समीक्षाचं मनगट होतं.

समीक्षाने तिला शिकवलंसुद्धा. ब्लेड दाबायचं नाही, ओढायचं. नाजूक काडी असेल तर ती बटाट्याच्या फोडीत खोचून दोन्ही मिळून कापायची. काच टेकवताना एक कड आधी लावायची, दुसरी सुईवर हळूहळू सोडायची. तेजस्वीने यातलं एकेक उचललं आणि प्रत्येक वेळी मनातून चरफडली. फुकट मिळालेल्या शिकवणीसारखं बोचणारं दुसरं काही नसतं, विशेषतः देणाऱ्याला आपण काही देतोय याचा पत्ताच नसेल तर. दुसऱ्या वर्षी तिचे काप भजीचे पापड झाले. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ते पाण्यात टाकल्यावर तिला स्वतःलाच शोधावे लागू लागले. पण तिला विचारलं असतं, तर समीक्षाची प्रत्येक स्लाइड तिने पाठ म्हणून दाखवली असती. स्वतःच्या हातात काय फरक पडला हे तिला सांगता आलं नसतं. ते बघायला डोळा मोकळा कुठे होता?

अशात तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती जागा आली. गोव्याच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने शिकायला जायचं, राहणं-खाणं त्यांचं, आणि काम चांगलं झालं तर पुढे तिथेच एम.एस्सी.ची वाट मोकळी. कॉलेजातून एकच मुलगी घेणार. तेजस्वीला ती जागा हवी होती, आणि का हवी होती तेही साधं होतं. तिचे वडील गंगाराम विक्रोळीला एका कुरिअरवाल्याकडे होते आणि त्यांनी पोरीसाठी तिथलीच नोकरी बघून ठेवली होती. परीक्षा संपली की गाडीत बसायचं आणि दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचे. गोवा मिळालं तरच ते टळणार होतं. शितप सरांनी दोन नावं काढली, तेजस्वी आणि समीक्षा. संस्थेतल्या मॅडम स्वतः येऊन दोघींची एकेक स्लाइड बघणार होत्या आणि निवडणार होत्या. लेखी परीक्षा असती तर तेजस्वी झोपेतही जिंकली असती. पण मॅडमना लेखी नको होतं, हात बघायचा होता.

काप द्यायचा होता पारिजातकाच्या काडीचा. हे झाड सगळ्यांच्या दारात असतं, पण त्याची काडी गोल नसते, चौकोनी असते, आणि तिच्या चारही कोपऱ्यांत एकेक छोटा जास्तीचा ठिपका असतो, जो दुसऱ्या काड्यांत सहसा सापडत नाही. काप खरा कुणाचा, ते तिथे कळतं. मधलं वर्तुळ कुणालाही साधतं. चारही कोपरे शाबूत येणं कठीण. एखादा तरी फाटतोच.

त्या दिवशी सकाळी दोघी प्रयोगशाळेत शेजारी बसल्या. समीक्षाच्या लक्षात आलं की तिच्याकडे कालचं वापरलेलं ब्लेडच तेवढं आहे. तिने तेजस्वीला विचारलं, एखादं जास्तीचं आहे का. तेजस्वीच्या पत्र्याच्या पेटीत दोन कोरी पाकिटं होती. "नाय गो," ती म्हणाली, "आहे तेवढंच." खोटं इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. समीक्षाने मान हलवली, आपलं जुनं ब्लेड मधोमध मोडून त्यातल्या त्यात धारेचं अर्धं पातं घेतलं आणि कामाला लागली. बोथट पात्याने तिला बराच वेळ लागला, आणि वरची काच तिने घाईघाईत टेकवली. तेजस्वीने नवं ब्लेड वापरलं, पेटी मांडीवर उघडून, समीक्षाकडे पाठ करून. काप पडले, त्यातला एक तिने उचलला. बाकीच्या वर्गाचं प्रॅक्टिकल चालू असल्याने स्लाइड तपासायला मायक्रोस्कोप रिकामा नव्हता आणि सर हात पुढे करून उभे होते, म्हणून तिने ती नुसती उजेडाला धरून पाहिली आणि देऊन टाकली.

सरांनी कपाटातले दोन नवे मायक्रोस्कोप बाहेर काढले. एरवी ते कुणाला हात लावू देत नसत. मुलं आरशाच्या जुन्या मायक्रोस्कोपवर उजेडाची वाट बघत बसायची, आणि यांना खालून स्वतःचा दिवा होता. दोन स्लाइडी खाली लावून सरांनी शेजारी चिठ्ठ्या ठेवल्या, 'अ' आणि 'ब'. कुठली कुणाची हे मॅडमना कळायला नको, म्हणून ते फक्त सरांनाच ठाऊक. मॅडम जेवून येणार होत्या. सगळे डबे खायला गेले.

तेजस्वीने अर्धी भाकरी डब्यात तशीच ठेवली. पाणी प्यायचं निमित्त करून ती उठली आणि रिकाम्या प्रयोगशाळेत शिरली. आधी 'ब' पाहिली. काप छान होता, चारही कोपरे जागेवर, पण एका कोपऱ्यावर बुडबुडा बसला होता. ही आपली, ती मनात म्हणाली. पहिल्या दिवसापासून बुडबुडा आपल्या पाचवीलाच पुजलेला आहे, आजही सोडलं नाही मेल्याने. मग 'अ'ला डोळा लावला.

चौकोन रेखल्यासारखा होता. चारही कोपऱ्यांतले चार ठिपके लाल रंगात लख्ख, एकाही कप्प्याची भिंत चिरली नव्हती, आणि बुडबुड्याचं नाव नव्हतं. असा काप तिने तीन वर्षांत पाहिला नव्हता, समीक्षाचाही नाही. बोथट पात्याने काढलाय तिने हा. आपण ब्लेड नाकारलं तरी काढलाय. इतका अभ्यास आपण करायचा, परड्यातलं अळू आपण संपवायचं, आणि गोव्याला ही जाणार, हसत हसत. तेजस्वीच्या अंगाचा तिळपापड झाला.

पहिल्या वर्षाची मुलं एक चूक हमखास करतात. मोठं भिंग लावतात, डोळा वरून न काढता मोठी चक्री फिरवत राहतात, भिंग खाली येतं आणि काचेवर टेकतं. तेजस्वीने मोठं भिंग लावलं. चूक कुणाचीही वाटेल, हा विचार तिच्या मनात स्पष्ट येऊन गेला. मग तिने चक्री फिरवली. कच् असा बारीक आवाज झाला. ती पाणी न पिताच बाहेर आली आणि डब्यापाशी बसून उरलेली भाकरी चावत राहिली.

सर परत आले आणि 'अ'ची फुटलेली काच बघून ओरडले. कुणीतरी आगाऊ पोरटं आत घुसलं होतं असं त्यांनी धरून चालून पहिल्या वर्षाच्या सगळ्या पिढीचा उद्धार केला. मग ते तेजस्वीकडे वळले. त्यांचा चेहरा पडला होता.

"तेजस्वी, तुझी गेली गो. 'अ' तुझी होती."

तिला आधी कळलंच नाही. कळायचं काही राहिलं नव्हतं, तरी कळेना. सर सांगत होते की अर्धा तास आहे, काडी आहे, एकदा काढलास तसा पुन्हा काढ. ब्लेड आहे ना, त्यांनी विचारलं. तेजस्वीने तोंड उघडायच्या आत समीक्षा बोलली.

"तिच्याकडे नाय सर. माझं देते."

आणि तिने ते सकाळचं अर्धं पातं पुसून तेजस्वीच्या हातात ठेवलं. दोन हातांच्या अंतरावर, बॅगेतल्या पेटीत कोरी ब्लेडं पडून होती. पेटी उघडणं शक्य नव्हतं. समीक्षा शेजारीच उभी होती, काडी ओली करून देत होती, बटाटा कापून देत होती. तेजस्वीने कापायला सुरुवात केली. पातं अडखळत होतं, काडीला ओरबाडत होतं. एकामागून एक काप पाण्यात पडले आणि प्रत्येकाचा कुठला ना कुठला कोपरा गेलेला. शेवटी एक बरा मिळाला. तीन कोपरे होते. चौथा फाटला होता.

मॅडमनी दोन्ही स्लाइडी शांतपणे पाहिल्या. 'अ'चा हात फार चांगला आहे, त्या म्हणाल्या, पण एक कोपरा नाही. 'ब'ला बुडबुडा आहे, पण काप पुरा आहे. गोव्याला समीक्षाचं नाव गेलं. इतकं साधं झालं सगळं.

संध्याकाळी समीक्षा तिला एस.टी. स्टँडवर सोडायला आली. तेजस्वीला ती नको होती, पण नको म्हणायचं तोंड राहिलं नव्हतं. पालीकडची गाडी लागली, तेजस्वी खिडकीत बसली, समीक्षा खाली उभी राहिली. बराच वेळ चप्पल घासत राहिली आणि मग म्हणाली,

"एक सांगतंय, रागावू नको. जेवायच्या आधी मी चोरून बघितलेली 'अ'. माझी बुडबुड्याची, म्हणजे ती तुझीच, मला कळलं. तीन वर्षं मला वाटायचं सेक्शन तेवढं माझं, तेही गेलं. आणि ती फुटली ना, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं गो. खरंच वाटलं. माफ कर मला."

तेजस्वीने मुठीतलं अर्धं पातं, कागदात गुंडाळलेलं, खिडकीतून परत करायला हात बाहेर काढला. समीक्षाने तो हात तसाच मागे लोटला.

"राहू दे तुलाच. तुझ्याकडे नाय ना."

गाडीने आचका दिला. ते पातं ठेवायची जागा पेटीतच होती, पण तेजस्वीने ते मुठीत धरून ठेवलं. पेटी उघडावी लागली असती, आणि समीक्षा अजून खिडकीखाली उभी होती.