शिष्टाचारांचं दुसरं दार

निवृत्त कर्मचारी संघाचे चिटणीस परवा माझ्या दुकानात आले. मी शिवणकाम करते, त्यामुळे मला वाटलं पँट उसवली असेल. तर म्हणे, तुमच्या दाजींचा सत्कार ठरलाय, त्यानिमित्त अंक काढतोय, तुम्ही त्यांच्या मेहुणी, घरच्याच, तेव्हा चार चांगल्या ओळी लिहून द्या. मी म्हटलं, चारच्या जागी चाळीस देते, पण चांगल्या असतील असं धरून चालू नका. ते हसले. मी थट्टा करतेय असं वाटलं बिचाऱ्यांना.

तर घ्या लिहून.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयुष्यभर राजशिष्टाचार विभागात होते. परदेशचा पाहुणा आला की कोण कुठे बसणार, आधी कोण उठणार, कुणाचा झेंडा किती उंच, हे ठरवणारं ते खातं. खिशात कायम मोजपट्टी. माझ्याही गळ्यात असते, पण माझ्या पट्टीने निदान कुणाचं तरी अंग झाकलं जातं. त्यांच्या पट्टीने दोन खुर्च्यांमधलं अंतर मोजलं जायचं, आणि ते मोजताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव असायचा की जणू पृथ्वी ह्यांनीच तोलून धरली आहे.

माझं दुकान उघडलं त्या दिवशी चारचौघांना बोलावलं होतं. दाजी आले, खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि माझ्या सासूबाईंना पहिल्या रांगेतून उठवून मागे बसवलं. त्यांच्या जागी कोण, तर नगरपालिकेचा कारकून! का, तर तो शासनाचा प्रतिनिधी. तो कारकून बिचारा लाजून अर्धा झाला. सासूबाई त्यानंतर कित्येक महिने माझ्याशी धड बोलल्या नाहीत, आणि दाजी मात्र जाताना मला म्हणाले, "कार्यक्रम नीटनेटका झाला हो." डोंबल नीटनेटका!

ताईला ह्या सगळ्याचं हसू यायचं. मला राग यायचा, तिला हसू. 'शिष्टाचार' हे नाव तिनेच पाडलं. "आमचे शिष्टाचार आले नाहीत अजून," असं शेजारणींना सांगायची. चहा ओतताना कप हातात धरून विचारायची, "आधी कुणाला देऊ, महोदय?" आणि हा माणूस क्षणभर खरंच विचारात पडायचा. मग ती इतकी हसायची की चहा बशीत सांडायचा. कसं निभावलं तिने देव जाणे. मी असते तर बशी डोक्यात घातली असती.

मग ते अणुभट्टीचं प्रकरण निघालं. आपल्या सरकारने डोंगराआड भट्टी उभारलेली. आपण म्हणायचो विजेसाठी, बाहेरचे म्हणायचे बाँबसाठी. ते म्हणायचे दारं उघडा, आमची माणसं तपासून जातील. आपण म्हणायचो, आमच्या घरात डोकावणारे तुम्ही कोण? झाले निर्बंध सुरू. आधी यंत्रांचे सुटे भाग बंद, मग बँका, मग बोटी, मग औषधं. तशी औषधांवर बंदी नव्हती हं, कागदावर. पण माल पाठवायला कुणी धजत नव्हतं. शेवटी बोलणी ठरली, शहरातल्या त्या मोठ्या हॉटेलात.

आता ऐका शहाण्यांची गोष्ट. पहिली फेरी भरली आणि तशीच उठली. का? तर खोलीला दार एक, आणि आधी आत कोणी जायचं ह्यावर एकमत होईना. जो आधी जाईल तो म्हणे वाट बघणारा ठरतो, आणि जो नंतर जाईल तो मागून आलेला ठरतो. जगाची राखरांगोळी करू शकतील अशी माणसं, आणि दाराशी 'तू आधी की मी आधी' करत उभी! माझ्या गिऱ्हाइकांत भांडखोर बायका काय कमी आहेत? पण इतका पोरकटपणा मी कापड फुकट मिळत असतानाही पाहिला नाही.

तिथे आमच्या शिष्टाचारांनी दिवे लावले. खोलीला दुसरं दार पाडायचं, असा प्रस्ताव त्यांनी दिला. भिंत फोडली. पहिल्या दाराला जुळेल असंच लाकूड, तशीच मूठ, तेवढाच उंबरा. टेबलापासून दोन्ही दारं सारख्या अंतरावर. दाजी स्वतः गुडघ्यावर बसून मोजत होते म्हणे. दोन बाजूंचे दोन पुढारी दोन दारांबाहेर उभे राहणार, मध्ये टेबलाशी दाजी, हातात पांढरा रुमाल. रुमाल वर गेला की दोन्ही दारं एकदम उघडणार आणि दोघांचं पाऊल एकदमच आत पडणार. दाराशी एकेक ट्रे, त्यात सगळ्यांनी फोन ठेवायचे, कारण आत फोन न्यायचा नाही. हाही नियम दाजींचाच. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात कडेला ह्यांचं कोपर दिसत होतं. त्या कोपराची तसबीर करून त्यांनी बैठकीत लावली.

त्याच सुमारास ताईच्या गळ्याला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ काढली, पण आजार थोडा मागे उरला. त्यावर औषध एकच, किरणोत्सारी आयोडीन. शिशाच्या डबीत बंद करून आणायची कुपी, एकदा घेतली की काम फत्ते. आपल्याकडे ते बनत नाही, बाहेरून येतं. आणि नावातच किरण आहेत ना, मग ते बंदीच्या मालात जमा! मी दाजींना विचारलं, "एवढी भट्टी बांधलीत, त्यात ही एक कुपी होत नाही?" तर म्हणाले, "त्याला वेगळी भट्टी लागते." घ्या! छाती फुगवायला भट्टी आहे, औषधापुरती नाही.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, बोलण्यांत हॉस्पिटलांसाठी सूट मागितली आहे. त्यावर सह्या झाल्या की कंपनी विमानाने कुपी पाठवेल. पण ती साठवून ठेवता येत नाही, आली की लगेच घ्यावी लागते, म्हणून शरीर आधीपासून तयार हवं. तयार म्हणजे काय, तर ऑपरेशननंतर लागलेली रोजची गोळी बंद आणि कुपी पुरती लागू पडावी म्हणून एरवीचं आयोडीन पोटात जाऊ द्यायचं नाही. मीठ बंद. आमच्याकडे दुकानात मिळतं ते सगळं मीठ आयोडीनचंच. दूध बंद, अंडी बंद, मासे बंद. गोळी बंद झाली की ताईचा चेहरा सुजायचा, आवाज जड व्हायचा, भर उन्हात ती शाल घेऊन बसायची. जिना चढायचा म्हटलं तरी भिंत धरायची. फेरी जाहीर झाली की हिचं पथ्य सुरू. फेरी फिसकटली की पुन्हा गोळी, पुन्हा मीठ. मग नवी तारीख, पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या माणसांच्या मानापमानापायी हिच्या जिवाची नुसती ओढाताण चालली होती. आणि आजार काही तारखांसाठी थांबत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता ह्या खेपेला कुपी मिळाली पाहिजे, पुढच्या खेपेचा भरवसा मी देत नाही. ते मी दाजींनाही सांगितलं आणि ताईलाही. लपवून काय करायचं?

दाजी रोज त्याच खोलीत, दोन्ही पुढाऱ्यांपासून हाताच्या अंतरावर. मी म्हटलं, "दाजी, एक शब्द टाका ना. निदान आपल्या मंत्र्यांच्या कानावर तरी घाला." तर ताठ होत काय म्हणाले माहितीये? "तिथे मी कुणाचा नवरा नाही."

मला संताप आला. ताई मात्र जड आवाजात म्हणाली, "इथे तरी कुठे आहात?" आणि हसली. दाजींनी ते मनावर घेतलं नाही. त्यांच्या मनावर कधी काही आलंच नाही.

शेवटच्या फेरीत सूत जुळलं. बाकीचं भांडण बाजूला ठेवून हॉस्पिटलांची सूट दोघांनी मान्य केली, उद्या सकाळी सह्या, असं दाजींनीच घरी येऊन सांगितलं. कुपी तिकडे विमानतळावर तयार होती. दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून ताईकडे बसले. ताईने बिनमिठाचे उकडलेले बटाटे समोर घेतले होते आणि एकेक घास ढकलत होती. टीव्हीवर हॉटेलचा दरवाजा दिसत होता. दुपार झाली. मग काळ्या गाड्यांची रांग निघाली, पाहुणे विमानतळाकडे गेले. निवेदिका म्हणाली, बोलणी स्थगित. ताईने टीव्ही बंद केला.

संध्याकाळी दाजी आले. मला वाटलं, तोंड उतरलेलं असेल. कसलं काय! स्वारी खुलली होती. बूट काढता काढताच सुरू झाले.

"आज मी होतो म्हणून अब्रू राहिली, नाहीतर धडगत नव्हती."

घडलं होतं ते असं. आपले मंत्री म्हातारे, त्यांचा गुडघा धरलेला. लिफ्ट बंद पडली म्हणून जिन्याने चढत होते. बाहेरच्यांचा पुढारी मागून आला. त्याचाही गुडघा दुखरा. त्याने मंत्र्यांना हात दिला. दोघं एकमेकांच्या आधाराने, गुडघ्यांना शिव्या घालत, हसत वर आले आणि तसेच हातात हात घालून पहिल्या दाराशी पोचले. कागद मांडायला म्हणून दार उघडंच ठेवलेलं होतं. आत टेबलावर कागद आणि पेनं मांडून ठेवलेली. पाऊल टाकायचीच खोटी.

"एकाच दारातून!" दाजी म्हणाले. "हातात हात घालून! कल्पना करा. मी धावलो, मधे उभा राहिलो. म्हटलं, महोदय, आपलं दार पलीकडचं आहे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पाहुण्यांनाही चूक उमगली. हात सोडला, कोट नीट केला आणि निघाले. पलीकडच्या दाराला सगळा व्हरांडा वळसा घालून जावं लागतं. मधेच त्यांना फोन आला, त्यांच्या राजधानीतून. ऐकत थोडा वेळ उभे राहिले आणि तिथूनच खाली निघून गेले. तिकडे कुणाचं तरी मन फिरलं असणार. मी मात्र ठरल्या क्षणी रुमाल वर केला. आपले मंत्री आत येऊन बसले. आपल्या बाजूने काही कसूर नाही."

"आणि हातात हात घालून आत गेले असते तर? तो फोन आला नसता?"

"आला असता की. पण ट्रेमध्ये पडून राहिला असता. आत फोन नेता येत नाही ना," दाजी म्हणाले. अभिमानाने म्हणाले हो! आपण काय बोललो ते त्या माणसाच्या डोक्यात शिरलंच नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतका कोरडा ठणठणीत माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. त्या दोघा लंगड्यांना अक्कल सुचली होती, क्षणभर का होईना सुचली होती, आणि ती ह्याने दारातून परत पाठवली.

ताई हळूच मला म्हणाली, "मिठाची बरणी आण गं."

मी आणली. तिने सकाळचे ते थंड बटाटे पुढे ओढले, चिमूट चिमूट मीठ घातलं आणि खायला लागली.

"अगं, पथ्य!" दाजी ओरडले. "पुढची फेरी होईल ना!"

"होईल हो," ताई म्हणाली. "तुम्ही रुमाल धुऊन ठेवा."

पुढची फेरी झाली. सह्याही झाल्या, दोन्ही पुढाऱ्यांचे हसरे फोटो आले, आणि दुसऱ्या दाराबद्दल दाजींना मानपत्र मिळालं. कुप्या आता येतात, बऱ्याच जणांना मिळतात, चांगलं आहे. फक्त ते सगळं ताई गेल्यानंतर झालं.

ती गेली तो दिवसही सांगते, कारण सत्काराच्या भाषणात तो कुणी सांगणार नाही. दुपारची वेळ होती. मी तिच्या उशाशी बसले होते. दाजी ऑफिसातून आले, दारात उभे राहिले. ताईने डोळे उघडले. आवाज पार गेला होता, तरी शब्द नीट ऐकू आले.

"महोदय, आपलं दार पलीकडचं आहे."

थट्टा होती, की आयुष्यभराचा राग होता, मला सांगता येणार नाही. तिच्या डोळ्यांत हसू होतं असं मला वाटलं. दुसरा कुणी असता तर आत धावला असता, हात धरला असता, रडला असता, भांडला असता. त्या खोलीला एकच दार होतं. दाजींनी मान तुकवली, मागे सरले आणि बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. बोलावणं येईल म्हणून वाट बघत. मी दोनदा हाक मारायला तोंड उघडलं, पण ताईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

तो हात सैल झाला, मग मी बाहेर आले. दाजी भिंतीशी ताठ उभे होते, खिशातून पांढऱ्या रुमालाचं टोक डोकावत होतं.

"येऊ का आता आत?" त्यांनी विचारलं.

"या," मी म्हटलं. "आता कुठूनही या."