कोणत्याही दिवशी यावे

पालघरच्या सरकारी कचेऱ्यांत असं एकही टेबल उरलेलं नाही, ज्यावर माझ्या घरमालकीण मावशींनी सुक्या बोंबलांची पुडी ठेवलेली नाही. लाच म्हणून नव्हे हो. लाच द्यायला अंगात जी नम्रता लागते ती मावशींकडे औषधालाही नाही. ती पुडी म्हणजे वानगी. "आदी माल बगा, मंग कागद बगा," असं त्यांचं साधं म्हणणं. एकदा एका शाकाहारी साहेबांनी नाकाला रुमाल लावून पुडी शिपायाबरोबर बाहेर धाडली, तर मावशी त्याच शिपायाच्या पाठोपाठ ती घेऊन परत आत. "खाऊ नका, पन वास तरी नीट घ्या. ताजा हाय का शिळा ते नाकालाच समजतं." साहेबांनी त्या दिवशी जेवणाची सुट्टी अकरालाच घेतली. मावशींची फाईलही सगळ्या कचेरीत वासावरूनच सापडायची, त्यामुळे ती हरवणं कुणाला शक्य नव्हतं. म्हणून मग ती नुसती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहायची.

मी मूळचा साताऱ्याकडचा. तारापूरला एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे आणि दिवाळीनंतर मावशींच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. हातात पेन धरणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर. मी मास्तर नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. "बरं मास्तर," म्हणाल्या. विषय संपला.

समुद्राकाठच्या वाळूत बांबू रोवून, दोऱ्या बांधून मांडण केलेली असते, तिला इथे वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी त्या दोरीवर टाकायची. मावशी हे काम बोलता बोलता, भांडता भांडता, डोळे मिटूनही करत. त्यांच्या हाताखाली अकरा बायका. कावळ्यांना मावशी नावानिशी शिव्या देत, आणि एका लंगड्या कावळ्यावर तर त्यांचा सरपंचावर नसेल एवढा राग होता. त्यांना हवी होती महिला उद्योजकांच्या योजनेतली एक जाळीची बंदिस्त शेड. धूळ नको, कावळा नको, माल थेट दुकानात जावा. सफाळ्याच्या, माकुणसारच्या बाजारात टोपली घेऊन बसून त्यांची कंबर गेली होती.

पण नवरा वारलेला, वाळूची जागा दिराच्या नावावर. योजनेचं कर्ज देणाऱ्या बँकेत विचारत, "घरातलं पुरुष माणूस कोण आहे?" मावशी म्हणत, "मीच हाय, बोला." ते काही कागदावर चालेना. दिराची ना-हरकत पाहिजे. तो देईना. मग मावशी आठ दिवस त्याच्या ओट्यावर बोंबील घेऊन बसल्या. एक शब्द नाही, नुसत्या जोड्या लावायच्या. नवव्या दिवशी त्याच्या बायकोनेच त्याच्या हातात पेन दिलं. सही मिळाली, पण एकाच वर्षापुरती.

अर्ज मी लिहिला. उन्हाळा होता, वलांड्या भरलेल्या होत्या, आणि मलाही जरा चेव चढला. शेवटी मी ठासून लिहिलं, 'खात्री करण्यासाठी आपण कोणत्याही दिवशी यावे.' मावशींनी ते वाक्य अकरा बायकांना बोलावून माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि मला समुद्र वाचता येत नव्हता.

तपासणीचे साहेब आले आषाढात. पावसाळ्यात इथे मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, वलांड्या सोडून बांबू घरात रचलेले. कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. साहेब छत्री धरून मोकळ्या वाळूत उभे राहिले. मावशी भिजत पळाल्या, घरातले बांबू ओढून दाखवू लागल्या. "साहेब, हाच माजा धंदा. पाऊस सरूं द्या, मंग बगा." साहेबांनी लिहिलं, 'जागेवर कोणताही व्यवसाय आढळला नाही.' तक्रार घेऊन आम्ही पालघरला गेलो, तर कारकुनाने माझ्याच ओळीवर बोट ठेवलं. कोणत्याही दिवशी, असं तुम्हीच म्हटलंय ना?

वर्ष सरलं, ना-हरकत संपली. दिराने साहेबांच्या त्या शेऱ्याची नक्कल मिळवून जपून ठेवली होती. "सरकारच लिवतं धंदा नाय, मंग जागा अडवून कशाला?" आता त्या वाळूत पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहतात. अकरा बायका जिकडे तिकडे पांगल्या. मावशी कुंभवलीला एका कारखान्यात पॅकिंगला जातात, डोक्यावर टोपी घालून. सकाळी आम्ही एकाच रिक्षात असतो. त्यांनी मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. उलट शेजारच्या बाईला सांगतात, "माजा अर्ज या मास्तरांनी लिवलेला. लय भारी." त्यापेक्षा त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात मी नवा अर्ज लिहिला. कोणत्या महिन्यात यावं, कोणत्या महिन्यात येऊ नये, सगळं नीट मांडलं. ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगला झालाय," त्या म्हणाल्या. "यातलं माजं नाव तेवडं काडा नि ठेवून द्या. कुनाच्या तरी पोरीला लागंल."

मी पेन घेऊन तीनदा बसलो. अजून माझ्याने ते नाव खोडवत नाही.